नळीचं खालचं तोंड

एसीतलं पाणी नेमकं थोरल्यांच्या उशीवर ठिबकत होतं. पलंग सरकवून झाला होता, बादली लावून झाली होती, तरी वारा सुटला की थेंब बादली चुकवून उशीच गाठत होते. मेकॅनिकनं स्टुलावर चढून झाकण उघडलं आणि जाळ्या काढून पाहिल्या. त्या लख्ख होत्या. आतला ट्रे मात्र काठोकाठ भरला होता. एसी हवेतून ओढतो ते पाणी या ट्रेमध्ये जमतं आणि नळीवाटे घराबाहेर जातं. इथे ते जायचं नाव घेत नव्हतं.

त्यानं नळीत ब्लोअरनं हवा मारली. नळी गुरगुरली आणि होतं नव्हतं ते पाणी त्याच्याच तोंडावर आलं.

"बाहेरच्या टोकाला तुंबलीये," तोंड पुसत तो म्हणाला. "कुठं निघते ही?"

थोरले खुर्चीतून हलले नाहीत. "खाली. मागच्या अंगणात."

"खाली कोण राहतं?"

थोरले खिडकीबाहेर बघू लागले. त्यांची बायको दारातून म्हणाली, "यांचा धाकटा भाऊ."

"मग काय, सोपंय. जाऊन बघतो."

"त्यापेक्षा नळी दुसरीकडे वळव," थोरले म्हणाले. "गच्चीवर ने, कुठंही ने. त्याच्या अंगणात नको."

"काका, पाणी आहे ते, खालीच जाणार. वर चढवायचं तर पंप बसवावा लागेल."

"मग बसव."

बायकोनं कपाळाला हात लावला. मेकॅनिकनं पक्कड खिशात घातली आणि तो जिना उतरला.

अंगणात नळीचं तोंड हाताला येईल इतकं खाली होतं आणि त्यात चिंध्यांचा बोळा ठासून बसवला होता. शेजारी खुर्ची टाकून धाकटे बसले होते. एक पाय प्लास्टरमध्ये, समोरच्या स्टुलावर ठेवलेला. कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. मेकॅनिकनं बोळ्याला हात घातला तशी एक कुबडी आडवी आली.

"हात लावायचा नाही."

"वर पाणी गळतंय, काका."

"माहितीये. मीच बसवलाय तो." सांगताना त्यांना काडीचाही संकोच वाटला नाही. "ज्याच्या घरात गळतंय त्याला पाठव. त्यानं यावं आणि काढावा."

"त्यांना कशाला त्रास? ओढला की निघेल."

"पाय मोडला माझा. ऑपरेशन झालं. सगळी गल्ली येऊन गेली, दूधवालासुद्धा घटकाभर बसून गेला. हा माझ्या डोक्यावर राहतो. रोज त्याची पावलं ऐकतो मी. या खोलीतून त्या खोलीत जातो, पण जिना उतरत नाही." धाकट्यांनी कुबडी खाली घेतली नाही. "मला चढता येत असतं तर मीच जाऊन विचारलं असतं, बाबा रे, मेलो असतो तर आला असतास का?"

मेकॅनिकनं आजवर नळ्यांतून शेवाळ काढलं होतं, मेलेली पाल काढली होती, एकदा तर गांधीलमाश्यांचं अख्खं पोळं काढलं होतं. त्या कशानंच त्याच्याशी हुज्जत घातली नव्हती. तो मुकाट्यानं वर गेला आणि ऐकलं ते सगळं सांगून मोकळा झाला.

थोरले उसळले. "मला कळवलं त्यानं? सख्ख्या भावाचा पाय मोडल्याचं मी दूधवाल्याकडून ऐकायचं? थोरला आहे मी. बोलावल्याशिवाय जायचा नाही."

"तुम्ही दोघं बसा असेच," बायको म्हणाली आणि आत निघून गेली.

मेकॅनिकला पुढचं घर गाठायचं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला दोघांचाही राग आला होता.

"काका, अजून कसं बोलवायचं माणसानं? पाय उचलत नाही, जिना चढवत नाही. होतं तेवढं त्यानं केलं. तुमच्या उशीवर पाणी पाडलं."

थोरल्यांना बरंच काही बोलायचं असावं, पण निघालं एवढंच:

"कुठला पाय?"

"डावा."

थोरले मग उठले, पायात चपला सरकवल्या. "ट्रेकडे बघत राहा. पाणी निघालं की हाक मार," असं म्हणून एकेका पायरीवर थबकत खाली गेले.

मेकॅनिक स्टुलावर चढला. खिडकीतून थोरल्यांचा चढा आवाज वर आला, "प्लास्टरचा पाय असा नुसत्या स्टुलावर ठेवतात? उशी घे खाली, गाढवा." धाकटे काहीतरी बोलले, ते त्याला नीट ऐकू आलं नाही. तेवढ्यात ट्रेमधलं पाणी डचमळलं, गटगट आवाज करत उतरलं आणि तळ दिसला.

"निघालं!" त्यानं हाक दिली.

खालून ओ आली नाही. त्यानं ट्रे पुसला, जाळ्या बसवल्या, झाकण लावलं आणि एसी चालू केला. खोली गार व्हायला लागली. काम दाखवल्याशिवाय निघायचं नाही अशी त्याची रीत होती, म्हणून तो थांबला. खाली दुसरी खुर्ची फरफटत आणल्याचा आवाज झाला. तो आणखी थांबला.

अखेर थोरल्यांची बायको आतून आली. तिच्या हातातल्या ताटात चहाचे चार कप होते.

"चल, तूही खालीच घे," ती जिन्याकडे वळत म्हणाली. "आणि तो एसी बंद कर. खोलीत आहे कोण?"