खालच्या चार ओळी

“‘उभं’ ठेवू, ‘थांब’ ठेवू,” प्रोग्राममधल्या जुन्या आज्ञांची यादी चाळत टीमलीड म्हणाला. “पण ताई, हे ‘सरक’ काय प्रकरण आहे?”

ताईंनी चष्मा पुसायला घेतला. डेटाबेसला प्रश्न विचारायचा आणि काळ्या पडद्यावर उत्तर वाचायचं, असा हा प्रोग्राम. पहिल्यांदा तो त्यांनी आणि बुवांनी मिळून लिहिला होता. उत्तर रुंदीत मावेना, तर ‘उभं’. भराभर पळायला लागलं, तर ‘थांब’. या आज्ञा कुणालाही पटाव्यात अशा होत्या. ‘सरक’ म्हटलं की मात्र उत्तर चार ओळी वर जायचं आणि पडद्याचा तळ रिकामा राहायचा. कशासाठी, ते ताईंखेरीज कुणालाच माहीत नव्हतं.

“तिथं बुवांचा थर्मास असायचा,” ताई म्हणाल्या.

आपली फिरकी घेताहेत असं टीमलीडला वाटलं.

“खरंच सांगते. दोघांत मिळून एक टेबल, त्यावर वायरींचं जंजाळ. बुवांनी एकदा कीबोर्डला चहा पाजला. तेव्हापासून थर्मास कीबोर्डपासून लांब, पार पडद्याला टेकून. त्याचं टोपण नेमकं शेवटच्या ओळींच्या आड यायचं. मी रोज कटकट करायचे, बाजूला घ्या हो तो, मान वाकडी करून वाचावं लागतं. तर म्हणाले, थर्मास हलणार नाही, उत्तर हलवू. आणि संध्याकाळपर्यंत लिहून मोकळे.”

टीमलीड हसला. मग बुवा आता नाहीत हे आठवून ओशाळला. पोरगा मनाचा चांगला. “राहू द्यायची का?” असं त्यानं विचारलंही.

बुवांच्या हातचं आता तेवढंच शिल्लक होतं. बाकीचं सगळं या ना त्या हातानं नव्यानं लिहून झालं होतं. ‘राहू दे’ ताईंच्या अगदी ओठांवर आलं. पण प्रोग्राममध्ये अडगळ दिसली की सगळ्यांत आधी बुवाच वैतागायचे, आणि ते ताईंइतकं कुणाला ठाऊक असणार?

“काढ,” त्या म्हणाल्या.

त्यानं ती काढली आणि दोघं ताईंच्या टेबलाशी जाऊन बघायला लागले. ताईंनी प्रश्न टाकला. उत्तर सरळ तळापर्यंत उतरलं आणि शेवटच्या ओळी थर्मासच्या टोपणामागे गेल्या. जुनाच थर्मास होता, टोपणाला पोचा पडलेला.

“ताई, हा बाजूला घेऊ का?”

“असू दे रे,” म्हणत ताईंनी मान वाकडी केली आणि वाचायला लागल्या.