दहा मिनिटांचा लाल उजेड

“हलू देऊ नका त्याले, आबाजी. दहाच मिनिटं,” रिता म्हणाली आणि तिनं यंत्राचं तोंड कुत्र्याच्या कमरेला टेकवलं. मोतीच्या पांढऱ्या केसांवर लाल उजेड पसरला.

सुखराम आबाजींनी मोतीचं डोकं मांडीवर धरलं होतं. “लागला काय उजेड?”

“लागला.”

“मले त काही दिसत नाही, बाई. पण त्याले बरं वाटून राहिलं. श्वास पाहा कसा सोडते.”

आबाजींना दिसेनासं होऊन नऊ वर्षं झाली होती. बायको त्याआधीच वारली. आंबागडच्या दोन खोल्यांत ते आणि मोती, एवढेच. रोज सकाळी मोतीच्या गळ्यातल्या दोरीचं टोक हातात धरून ते निघायचे. विहीर, पिंपळ, हेमराजची चहाची टपरी आणि परत. खड्डा आला की मोती थांबायचा. गाडी आली की आबाजींच्या पायांत आडवा उभा राहायचा.

पावसाळा सरला आणि त्याची कंबर धरली. मोती उठेना, तसे आबाजीही अंगणाबाहेर जाईनात. शेजारची बेबीबाई डबा आणून द्यायची आणि अर्धा तसाच परत न्यायची. शेवटी तिनंच तुमसरला रिताला फोन लावला.

रिता हे काम नागपूरला शिकून आली होती. वरातीच्या घोड्यांचे सुजलेले पाय, म्हाताऱ्या कुत्र्यांचे सांधे, सगळ्यांना ती उजेडाचा शेक द्यायची. पहिल्याच दिवशी तिनं सांगून टाकलं होतं, “मी डॉक्टर नाही, आबाजी. डॉक्टरचं औषध चालूच ठेवा. उजेडानं दुखणं कमी होते, वय कमी होत नाही.”

“दुखणं कमी झालं तरी लय झालं,” आबाजी म्हणाले होते.

चौथ्या खेपेला मोती स्वतःहून उठला. सहाव्या खेपेला लंगडत का होईना, फाटकापर्यंत गेला. मागे दोरी धरून आबाजी. बेबीबाई कणकेचे हात तसेच घेऊन बघत उभी राहिली. आबाजींनी हात जोडले. रिता उभी होती त्याच्या जरा बाजूला जोडले गेले, म्हणून तीच सरकून त्यांच्या समोर आली.

पुढच्या आठवड्यात मोतीनं खाणं सोडलं.

“तुमसरला नेते त्याले,” रिता म्हणाली. “डॉक्टर जवळच आहेत. शेकही रोज देता येईल.”

“आणून द्याल ना?”

“देईन, आबाजी.”

रोज संध्याकाळी आबाजी बेबीबाईच्या मोबाईलवरून फोन करायचे. “काय म्हणते मोती?” रिता सांगायची, आज दूध प्यायला, आज उन्हात बसला. पाचव्या दिवशी तिनं फोन उचलायला वेळ लावला. “बरा आहे,” एवढंच म्हणाली.

बाराव्या दिवशी गाडी दारात थांबली. पांढरा कुत्रा मागच्या सीटवरून उडी मारूनच खाली आला. बेबीबाई जागीच थांबली. तिनं रिताकडे पाहिलं. मग पदरानं तोंड पुसलं आणि मोठ्यानं म्हणाली, “आला वो आबाजी, आला!”

आबाजी उकिडवे बसले. हात पुढे केला. कुत्र्यानं तो हुंगला, जरा मागे सरला, मग चाटला. आबाजींनी त्याच्या कानांवरून, पाठीवरून, पार शेपटीपर्यंत हात फिरवला. मग पुन्हा कमरेपाशी आणला.

“शाम्पूनं धुतला आहे,” रिता म्हणाली. “वास वेगळा वाटेल.”

“वाटून राहिला.”

“वजन पण उतरलं थोडं.”

“उतरनच. दुखण्यातून उठणं काही सोपं असते काय?”

त्यांनी दोरी हाती घेतली. कुत्रा विहिरीकडे न वळता सरळच निघाला.

“बारा दिवस बाहेर होता ना,” रिता घाईनं म्हणाली. “विसरला असन.”

“शिकवू न,” आबाजी म्हणाले. “मले तरी कुठं जायची घाई आहे?”

त्यांनी खरंच शिकवलं. काठीनं आधी आपण वाट चाचपायची, मग दोरीला हलका झटका द्यायचा. वळण बरोबर घेतलं की खिशातला पोळीचा तुकडा. दोन आठवड्यांत दोघं टपरीपर्यंत जाऊ लागले. “वा आबाजी, मोती त जवान झाला!” हेमराज ओरडायचा. आबाजी हसायचे आणि कुत्र्यासाठी एक बिस्कीट मागायचे.

महिन्याभरानं रिता शेवटचा शेक द्यायला आली. आबाजींच्या गालांवर मांस चढलं होतं. दाढी केलेली, सदरा धुतलेला. यंत्र बंद करून तिनं वायर गुंडाळली, तशी त्यांनी लाखोरीच्या डाळीची पिशवी तिच्या पुढ्यात ठेवली.

“बाई, तुमचे उपकार या जन्मी फिटत नाहीत. मी त या खाटेवरच संपलो होतो. तुम्ही मले पुन्हा चालतं केलं.”

“माझं काही नाही, आबाजी. उजेडाचा गुण.”

“एक विचारू काय? खरं सांगजा.”

“विचारा ना.”

आबाजींनी पायाशी झोपलेल्या कुत्र्याला थोपटलं आणि त्याला ऐकू जाऊ नये इतका आवाज खाली आणला.

“हा पण गुणाचा आहे. माया लावते. पण माहा मोती गेला, तेव्हा तुमचा हात होता ना त्याच्या अंगावर?”