सरावाचा फोन

"हॅलो, मी दूतावासातून बोलतेय. निकेशची आई का?"

"हो मॅडम, मीच." कुंताने फोन दोन्ही हातांनी धरला.

हा दूतावास खोटा होता, भिंतीपलीकडच्या खोलीतला. तिथे सराव घेणाऱ्या साक्षी मॅडम बसल्या होत्या. चंद्रपूरच्या एका सभागृहात आज सराव चालला होता. मागे परदेशात लढाई पेटली तेव्हा तिकडे अडकलेल्यांच्या घरी कोणी कळवायचं, काय कळवायचं, हेच ठरलेलं नव्हतं. पुन्हा तसं होऊ नये म्हणून ज्यांचं कोणी बाहेरदेशी कामाला आहे त्यांना बोलावलं होतं.

कुंताला बोलावणं नव्हतं. कानावर आलं तशी तळ्याच्या पाळीवर जाळं तसंच टाकून ती पोंभुर्ण्याहून एसटीने आली होती. सकाळपासून दारावरच्या शिपायाला विनवत होती, "भाऊ, एक डाव मले बी फोन लावून द्या ना." खुर्च्या आवरायला घेतल्या, तेव्हा कुठे तिला आत सोडलं.

"मुलाची एखादी खूण सांगा."

"डाव्या अंगठ्यात गळ घुसला होता. नख दुभंगलं आहे."

"शाबास. बाकीचे इथेच गोंधळले."

"मले याच्या आधी बी विचारली होती."

ते मॅडमना नीट ऐकू गेलं नसावं. त्या समोरचा कागद वाचू लागल्या. "तुमचा मुलगा सुखरूप आहे. आमच्याकडे पोहोचला आहे. उद्याच्या विमानाने येतोय."

कुंताने फोन कानाशी दाबला. मग हळूच म्हणाली, "अजून एक डाव म्हणा ना."

मॅडमनी पुन्हा वाचलं.

"अजून."

चिमूरहून आलेला मुखरू मागून हसला. "ओ बाई, नाटक होय ते! विमान काय खरंच येऊन राह्यलं का?" सगळे हसले. कुंताही पदर तोंडाला लावून थोडी हसली. फोन मात्र तिने कानापासून काढला नाही.

शेवटी मॅडमच उठून बाहेर आल्या. "मावशी, आवाज येत नव्हता का?"

"येत होता. चांगला येत होता."

"मग घाबरू नका. आता खरंच काही झालं तर तुम्हाला लगेच फोन येईल. निकेश सध्या कोणत्या देशात आहे?"

कुंताने फोन पदराने पुसला आणि टेबलावर ठेवला.

"इथीच आहे, मॅडम. मागच्या लढाईत पेटीतून आला. अंगठ्यावरूनच ओळखला मी. तळ्याच्या पाळीजवळ माती देली त्याले." ती जायला वळली. "हा फोन तेवढा यायचा राह्यला होता."