सवतीचा टाक

बायना मरून दोन वर्षं झाली, तरी तिची मूर्त ठोकलेला चांदीचा टाक माझ्याच गळ्यात. दुसरेपणावर आलेलीला मेलेली सवत अशी मिरवावीच लागती. बीडहून चौसाळ्याला येताना मी तो काढला आन् पेटीत कोंबला. मोटारीच्या टपावरून पेटीच गायब झाली. मला लई बरं वाटलं.

भरपाई मागायला धनी मला घेऊन मोटारीच्या कचेरीत गेले.

मुनशीनं वही उघडली. "कशाची भरपाई? तुमच्या थोरल्या बाई पेटी घेऊन उतरल्या की. हा बघा अंगठा."

माझा हात मोकळ्या गळ्याकडं गेला. धन्यांनी मात्र 'कोण थोरली' असं विचारलंच न्हाई. माझ्यासाठी कधीच हसले न्हाईत, तसं हसून ते म्हणाले, "कुठं उतरली?"