शिरोरेघ

“डाव्या हेडात पाणी मुरतंय,” मिस्त्री म्हणाला.

पाणी नेमकं कुठे मुरतंय, हे मास्तरांनी कालच ओळखलं होतं. चाळीस वर्षं वह्या तपासलेला माणूस. कोणी कोणाचं पाहून लिहिलं, हे ते वही उघडण्याआधी चेहऱ्यावरून सांगत.

टेबलावर दोन हेडं उताणी पडली होती. आठ सिलिंडरांचं जुनं इंजिन, चार-चार सिलिंडरांवर बसणारी ही दोन जड लोखंडी झाकणं. गाडी मास्तरांच्या वडिलांची. इंजिन त्यांनी स्वतःच्या हातांनी दोनदा उघडून पुन्हा बसवलेलं. वडील गेले, त्यांचा चष्मा हरवला, कोट कसरीने खाल्ला. त्यांच्या हातचं म्हणावं असं हे इंजिन तेवढं उरलं होतं, आणि त्यातला साधा स्क्रूही बदलायला मास्तरांचा जीव होत नव्हता.

मिस्त्रीचं म्हणणं सरळ होतं. डाव्याला चीर गेली आहे, ते काढून दुसरं बसवू. उजवं ठणठणीत आहे, त्याला नवे वाल्व घालू, मग वीस वर्षं बघायला नको. मास्तरांना हा सरळपणाच खुपत होता. काल त्याने हातोडीने दोन्ही वाजवून दाखवली होती. उजवं खणखणलं, डावं फुटक्या मडक्यासारखं बद्द वाजलं. पण हातोडी कोणाच्या हातात होती? शिवाय शेजारच्या वकिलाने आधीच कानावर घातलं होतं की, असली अस्सल हेडं आता मिळत नाहीत. मिस्त्री लोक चीर आहे म्हणतात, ठेवून घेतात आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला लावतात. वकिलाकडे गाडी नव्हती, माहिती मात्र सगळ्या गाड्यांची होती.

म्हणून काल मिस्त्री फोन घ्यायला बाहेर गेला, तेव्हा मास्तरांनी त्याच्याच कानशीच्या टोकाने दोन्ही हेडांवर खूण करून ठेवली. डाव्यावर केली, कारण ते लांबवायचा बेत दिसत होता. उजव्यावर केली, कारण त्याची स्तुती जरा जास्तच झाली होती. बाकी सगळीकडे काजळी आणि गंज. इंजिनावर टेकणारी बाजू तेवढी पुसलेल्या फळ्यासारखी सपाट आणि स्वच्छ. तिथे त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं : माझे. मग खिशातली पट्टी लावून वरची रेघ ओढली. डोक्यावर छप्पर नाही ते कसलं अक्षर, असं ते वर्गात सांगत आले होते. वरून तेलाचं बोट फिरवल्यावर काही दिसेना. रात्री त्यांना शांत झोप लागली.

आज त्यांनी पुरावा मागितला. चीर आहे ना, मग डोळ्यांदेखत दाखवा. मिस्त्रीला राग आला नाही. त्याने दोन्ही हेडांवर रॉकेल चोळलं, जरा वेळ मुरू दिलं, फडक्याने कोरडं पुसलं. मग फळीवरून खडू काढला आणि कागदावर त्याची भुकटी केली. खडू पाहून मास्तरांना बरं वाटलं. निदान एक हत्यार तरी ओळखीचं निघालं.

“चिरेत रॉकेल राहतं,” मिस्त्रीने सांगितलं. “पुसलं तरी खडूत वर येतं. तिथे काही लपत नाही.”

मास्तरांना कालची कानस आठवली ती तेव्हा.

डाव्या हेडावर भुकटी पसरली. दोन वाल्वांच्या मधून केसासारखी काळी रेघ उमटली आणि बघता बघता ठळक झाली. माणूस खरं बोलत होता. मास्तरांना मनापासून लाज वाटली. तेवढ्यात चिरेच्या बाजूला आणखी काहीतरी ओलं होऊ लागलं. मिस्त्रीने वाकून पाहिलं आणि हे काय म्हणून विचारलं. असेल काहीतरी जुनं, असं मास्तर म्हणाले. दुसऱ्यांचं खोटं पकडण्यात जन्म गेला, पण स्वतःला एक धड जमेना.

मिस्त्रीने उजवं पुढे ओढलं आणि भुकटी टाकली. चीर कुठेच नव्हती. पांढऱ्यावर सावकाश आधी अक्षरं उमटली, मग त्यांच्यावरची रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अगदी सरळ.

मिस्त्री बराच वेळ त्या रेघेवर नख फिरवत राहिला. तिचं एक टोक सिलिंडरच्या गोलाला भिडलं होतं, दुसरं इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या भोकाला. दोघांच्या मधे लोखंडाची तेवढीच अरुंद कड होती, आणि सगळं इंजिन तिथे दाबून बसतं. आता आतला दाब याच वाटेने पाण्यात जाणार. एक पापुद्रा घासून काढला तर रेघ जाईल, पण या हेडाचा पापुद्रा वडिलांच्या वेळीच दोनदा निघालेला. त्याने कालच मोजून पाहिलं होतं. आणखी घासलं तर वाल्व पिस्टनवर आपटतील.

“म्हणजे?” मास्तरांनी विचारलं.

“म्हणजे हेही बदलायचं.”

मग मिस्त्रीने भिंतीकडे पाहिलं. पहिल्याच दिवशी मास्तरांनी दिलेला चौदा सूचनांचा कागद त्याने तिथे चिकटवला होता. वळणदार अक्षर, प्रत्येक शब्दावर पट्टीने ओढलेली रेघ. ‘सूचना ३ : मला दाखवल्याशिवाय एकही भाग बदलू नये.’ त्याने कागद पाहिला, हेड पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. तो चिडला असता तर मास्तरांना सोपं गेलं असतं. तो फडक्याला हात पुसत राहिला, आणि वर्गात एखादी शंका विचारावी तशा आवाजात म्हणाला,

“अक्षरांचं काही नव्हतं हो, मास्तर. ती मधल्यामधे होती, चालून गेली असती. वरची रेघ कशाला ओढलीत?”