दुमडलेला कोपरा

"ह्या मशीनचे नखरे लय झालेत बाई," असं पुटपुटत राजेश्रीनं केसपेपरचा दुमडलेला कोपरा नखानं सरळ केला. सेलूच्या त्या दवाखान्यात अठरा वर्षं बिलं तीच करायची. पेशंट अडचणीतला असला की डॉक्टर काही न बोलता कागदाचा कोपरा दुमडायचे, अन् ती निम्मंच बिल लावायची. पेशंटचा मान राहायचा, डॉक्टरांचं नाव व्हायचं. वर्षभरापासून बिलं पुण्याची कंपनी करते. राजेश्री नुसते कागद स्कॅन करून पाठवते, आणि कोपरा दुमडलेला असला तर मशीन कागद ओढत नाही. डॉक्टर मात्र अजून दुमडतात.

आज पायाच्या जखमेची पट्टी बदलायला पार्वतीबाई आल्या होत्या. "माझा कोपरा मुडपला गं डॉक्टरनं, मी बघितलं," म्हातारी खुशीत म्हणाली. पुण्याहून बिल आलं ते पूर्ण. त्यांनी पैसे दिले आणि पिशवी उचलली. "आता येत न्हाई बाई पट्टीला. घरीच हळद भरीन."

राजेश्री तडक आत गेली. "साहेब, पार्वतीबाईला पूर्ण बिल आलंय. त्या आता पट्टीला यायच्या न्हाईत."

"अरेरे! मी तर कोपरा दुमडला होता," डॉक्टर हळहळले, आणि समोरच्या पेशंटच्या देखत त्याच्याही कागदाचा कोपरा दुमडून त्यांनी तो तिच्या हाती दिला.

राजेश्रीनं कागद टेबलावर परत ठेवला.

"रोज तो मी सरळ करते, साहेब. अन् तुमाला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक हाय."