सुताचा कागद

“हा शेवटचा गठ्ठा.” हिसाकोकाकूंनी कागद फळीवर ठेवला. “यापुढं यायचा नाही.”

तामाएचा पुढं केलेला हात तसाच राहिला. हिवाळा सरत आला की क्योतोतल्या या अरुंद दुकानातून ती हा कागद घेऊन जाई. त्याच्या बारीक पट्ट्या कापायच्या, ओलसर करून दगडावर मळायच्या, चरख्यावर पीळ द्यायचा आणि ते सूत तागाच्या धाग्याबरोबर विणायचं. तिचे धुक्यासारखे पांढरे पडदे आता दूरदूरच्या कलादालनांत टांगले जात. दुसऱ्या कुठल्याही कागदाचं इतकं लांब, इतकं चिवट सूत निघत नव्हतं.

“कारागिराचं नाव तरी सांगा. मी स्वतः जाऊन विनवते.”

“नाव सांगणार नाही, असा शब्द दिलाय मी.”

इतकी वर्षं ती या काकूंकडेच कुरकुर करत आली होती. एकदा म्हणाली, काठाशी तुटतो. पुढच्या खेपेला काठ तुटेना. मग म्हणाली, फार कडक आहे, बोटं सोलतात. तर पुढचा लोण्यासारखा मऊ आला. कोण कुठला माणूस, पण आपलं सगळं ऐकतो, याचं तिला नवल वाटायचं. तिच्या घरच्या माणसानं तिचं कधी काही ऐकलं नव्हतं.

तिचे वडील गेन्झो तोसाच्या डोंगरात राहत. दारांच्या लाकडी जाळीला चिकटवायचा कागद काढण्यात त्यांचा जन्म गेला. ती कागदाचं सूत काढायला लागली तेव्हा ते म्हणाले होते, “दोऱ्याच वळायच्या तर गवत काय वाईट? माझ्या कागदाला सुरी लावायची नाही.” ती घर सोडून निघून आली. त्यांनी बोलावलं नाही, तीही गेली नाही. प्रत्येक प्रदर्शनाचं निमंत्रण मात्र ती गावी धाडायची. उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांशी बोलताना तिचं लक्ष सारखं दाराकडे जायचं.

काकूंनी चहा ओतला आणि प्याला तिच्यापुढं सरकवला.

“त्यांचे हात थरथरतात आता. कागद गाळायची पाण्यातली चौकट पेलवत नाही,” त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, “जाऊ दे, मोडते शब्द. तुझे वडील आहेत ते, तामाए. हा कागद ते तुझ्यापुरताच काढायचे. दुसरं गिऱ्हाईकच नाही त्याला.”

तामाएनं चहा तसाच टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती डोंगरातल्या थांब्यावर बसमधून उतरली. नदीचं पाणी वितळलेल्या बर्फानं भरून वाहत होतं. घराच्या मागं, पन्हळीपाशी, वडील उकिडवे बसले होते. वाहत्या पाण्यात कागदासाठी उकडलेली झाडाची साल पसरलेली होती आणि ते तिच्यातले काळे कण वेचत होते. कण बोटांत येत होता, निसटत होता, पुन्हा येत होता. तिला वाटलं होतं त्याहून ते खूप लहान दिसत होते.

“बसला उशीर झाला वाटतं,” ते मान वर न करता म्हणाले.

“हो. जरा जास्तच झाला.”

ती बाह्या सरसावून शेजारी बसली. पाणी हाडांपर्यंत झोंबत होतं. दोघंही कण वेचू लागली. त्यांच्या बोटांतून निसटलेला कण तिच्याकडे वाहत यायचा, आणि ती तो गुपचूप टिपायची. वेचता वेचताच तिनं विचारलं.

“सांगायचं तरी, बाबा. कागद चोरून का पाठवलात?”

त्यांनी ओले हात मांडीवर पुसले.

“माझा आहे हे कळलं असतं, तर तू मुकाट्यानं छान आहे म्हणाली असतीस,” ते म्हणाले. “हिसाकोबाई फोनवर तुझी कुरकुर शब्दन्‌शब्द सांगायच्या. तुझं दुसरं काय ऐकायला मिळत होतं मला?”